दगडाची ताजी बाजू

३ जुलै
‘पृथ्वी आणि जीवसृष्टी’ कोर्स सुरू. मुलं कॉमर्स-आर्ट्सची, म्हणजे कोरी पाटी. मी भूगर्भशास्त्राचा, जोडीला जीवशास्त्राच्या बाई. कोर्स दोघांचा, पण खरा माझाच. साठ मुलं. महिनाअखेर वीसपेक्षा कमी उरली तर कोर्स बंद, असं विभागप्रमुख म्हणाले. मी नुसता हसलो. संकल्प: अवघड शब्द एकही नाही.

८ जुलै
अवघड शब्द फक्त चौदा. बाईंनी मोजले. मुलं इतकी तल्लीन, की काहींनी डोळेच मिटले होते.

१४ जुलै
मुलं पस्तीस. वर्ग आता आटोपशीर वाटतो. बाईंच्या तासाला बाक भरतात. त्यांची खोली हवेशीर आहे.

२० जुलै, सायं. ६
उद्या दोघांचा एकत्र तास. दगडावर जीव कसा वाढतो, हा विषय. बाईंनी अंगणातला दगड आणून दिला, वीस वर्षं जपलेला. दगड म्हटलं की मीच! नीट दिसावा म्हणून तारेच्या ब्रशनं खसाखसा घासला. बायकोनं विचारलं, ते केशरी-राखाडी काय होतं? म्हटलं, घाण. मग हातोडीनं कोपरा उडवून ताजी बाजू काढली. तीस वर्षांची सवय. झकास बसाल्ट.

२१ जुलै
बाई दगडाकडे बघतच राहिल्या. मग विचारलं, यावरचं दगडफूल कुठंय? मुलांना म्हटलं, कल्पना करा. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, म्हणजे पृथ्वी आली, जीवसृष्टी राहिली. वर्ग पोट धरून हसला. घरी जेवण गेलं नाही. फार वाईट वाटलं.

२२ जुलै
संकल्प: बाईंची माफी मागणे. त्या कामात दिसल्या. उद्या.

२६ जुलै
उद्या नक्की.

३१ जुलै, दु. १२
मागितली एकदाची. बाई म्हणाल्या, उगवेल पुन्हा, आपण दोघं रिटायर झाल्यावर. तेवढ्यात विभागप्रमुख आले. मुलं उरली एकोणीस. कोर्स बंद. बाईंचा चेहरा पडला. मी नियम वाचले: प्राध्यापकांनाही विद्यार्थी म्हणून बसता येतं, मात्र मग तो कोर्स शिकवता येत नाही. विसावा अर्ज मी भरला. शेवटी कोर्स वाचवला तो मीच!
अर्जदाराला विषयाची काहीही माहिती नाही, असा दाखला सोबत लागतो. बाईंनी लगेच सही करून दिला.