पंधरा मिनिटांचा फज

२८ एप्रिल १९७४, रविवार
हेमावती आज सकाळच्या एसटीनं अक्कलकोटला माहेरी गेली. दोन्ही मुलांना घेऊन. कारण अगदीच क्षुल्लक. गल्लीच्या तोंडाशी नवी बालवाडी निघते आहे, तिथं बाई म्हणून तिला बोलावलं आहे. दहा जूनपासून, सकाळी सात ते साडेअकरा. मी शांतपणे विचारलं, मग स्वयंपाक कोण करणार? ती म्हणाली, तुमी तर रोज म्हणता की स्वयंपाक म्हणजे काय काम हाय का. मी म्हटलं, नाहीच आहे. पंधरा मिनिटांचा खेळ आहे. ती म्हणाली, मग एक तरी जिन्नस आपल्या हातानं करा, मला खाऊ घाला, त्या दिवशी परत येते. बालवाडीचंही मग तुमी म्हणाल तसं. तवर मी आव्वाकडं.

अट मान्य. मी बी.कॉम. आहे, सेकंड क्लास. तिच्या आव्वाला, म्हणजे सासूबाईंना, सही करता येत नाही आणि त्या चाळीस वर्षं स्वयंपाक करताहेत. त्यावरून या विषयाची खोली समजते.

घरात छान शांतता आहे. वाचन वाढवणार. उद्यापासून सूर्यनमस्कार.

३० एप्रिल
सूर्यनमस्कार परवापासून. सकाळी फार उकडतं.

शेजारच्या शिवबाई चार चपात्या आणि डाळ देऊन गेल्या. म्हणाल्या, वहिनी सांगून गेल्यात की भावजींना उपाशी ठेवू नका. मी न मागता आलेली मदत. चपात्या जाड. ही बाई पीठ मळते की विटा पाडते? दोन खाल्ल्या, दोन डब्यात टाकल्या. अन्न फेकणं मला आवडत नाही.

३ मे, शुक्रवार
दाढदुखीसाठी डॉक्टरकडे गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक इंग्रजी मासिक पडलं होतं. त्यात सापडलं! 'नो-बेक कुकी फज', म्हणजे न भाजता होणारी विलायती वडी. ओव्हन नको, चूल नको. जिन्नस फक्त चार: बिस्किटं, लोणी, कोको, कंडेन्स्ड मिल्कचा डबा. बिस्किटं कुटा, लोणी वितळवा, सगळं कालवा, ताटात थापा, घट्ट झालं की वड्या कापा. वेळ पंधरा मिनिटं. बरोबर माझाच आकडा! शेजारच्या चित्रात एक गोरी बाई हसते आहे, तिच्या कपाळावर घामाचा थेंब नाही.

पान फाडून घेतलं. बाकीचे पेशंट तसेही नुसती चित्रंच बघत होते.

सोलापुरात हा पदार्थ माझ्याआधी कोणी केला नसावा. आमच्या लोकांची झेप शेंगाचटणीपर्यंत. हेमावतीला आणि तिच्या आईला एकदमच गप्प करता येईल.

५ मे, रविवार. दुपारी एक
जिन्नस जमवले. कोको आणि डबा मिळवायला नवी पेठेतली सहा दुकानं फिरलो. एका दुकानदारानं विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे. उत्तर दिलं नाही.

लोणी वितळवायची गरजच पडली नाही. पुडक्यातून काढेपर्यंत आपोआप वितळलं. इथल्या उन्हाचा उपयोग करून घेणारा मीच पहिला. डब्याला चावी नाही. खिळा आणि हातोडी. आता कुटायला बसतो.

त्याच दिवशी, पाच वाजता
नोंद करून ठेवतो, चूक माझी नाही. बिस्किटं खलबत्त्यात कुटली. त्या खलबत्त्यात हेमावतीनं चौदा वर्षं लसूण, मिरची आणि शेंगा कुटल्या आहेत, हे कृतीत लिहिलेलं नाही. फजला लसणाचा वास येतो. पहिला घास गोड लागतो, मग कानशिलं तापतात.

शिवाय घट्ट होत नाही. कृतीत लिहिलंय, खोलीच्या तापमानाला दोन तास ठेवा. आमच्या खोलीचं तापमान आज त्रेचाळीस. ताट तिरपं केलं की फज एका बाजूला जातो. लेखिकेनं भूगोलाचा विचार केलेला नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहणार.

६ मे
घट्ट झाला नाही. मुंग्यांना मात्र आवडला.

९ मे, गुरुवार
कचेरीत सहज विषय काढला. आमचा शिपाई रामहरी, मोडनिंबचा. चौथी पास, पण प्रत्येक गोष्टीत मत आहे. म्हणाला, साहेब, बर्फावर ठेवा की. मी त्याला सांगितलं की हे माझ्या डोक्यात आधीच आलं होतं. मग त्यानं विचारलं, वहिनी कवा येनार. मी म्हटलं, मी बोलवीन तेव्हा. तो म्हणाला, व्हय व्हय. हा त्याचा 'व्हय व्हय' मला कधीच आवडलेला नाही.

खलबत्ता राखेनं घासला. हाताला फोड.

१२ मे, रविवार
प्रयोग दुसरा. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणला, पोत्यात, भुशात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून. निघताना तो पाटाएवढा होता, घरी आला तेव्हा साबणाच्या वडीएवढा. वाटेत दोन माणसांनी हाक मारून सांगितलं की तुमचं कायतरी गळतंय. जणू मला माहीत नव्हतं!

तरी ताट त्यावर ठेवलं. फज कडेनं घट्ट झाला! मधोमध थोडा सैल. कौतुकानं बघायला वाकलो तर ताट कलंडलं. आता फजमध्ये लाकडाचा भुसा आहे. चाळणीनं काढता येईल असं वाटलं होतं. येत नाही.

कोको संपला. कंडेन्स्ड मिल्कचा डबा बाजारात आता कोणाकडेच नाही. शहर म्हणवून घेतात.

१४ मे
मुलांशिवाय घर स्वच्छ राहतं. फार स्वच्छ. कोणी काही सांडत नाही. धाकटीची बाहुली पलंगाखाली सापडली, ती उचलून कपाटात ठेवली, परत काढून पलंगावर ठेवली. उगाच.

शिवबाईंच्या चपात्या रोज येतात, रोज दोन उरतात. उन्हानं डब्यात कडकडीत वाळल्या आहेत. हातात घेतल्या की मोडतात.

१७ मे, शुक्रवार
हेमावतीचं पत्र. धाकटीला ताप येऊन गेला. आता बरी आहे. आंबे चांगले आलेत. बालवाडीवाल्यांना एकतीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, तर तुमचं काय झालं, काय शिजलं का? शेवटचं वाक्य उपरोधानं लिहिलेलं आहे. बायकांना उपरोध साधत नाही.

लगेच कार्ड लिहिलं. मजकूर इथं उतरवून ठेवतो, कारण चांगला उतरला आहे: 'पदार्थ तयार आहे. विलायती आहे. रविवार दि. २६ रोजी मातोश्रींसह चाखण्यास यावे. माझे म्हणणे सिद्ध झाले आहे. स्वयंपाक हा पंधरा मिनिटांचा खेळ असून कोणताही पुरुष कचेरीला जाण्यापूर्वी तो सहज उरकू शकतो.' खाली सही, तारीख.

पदार्थ अजून तयार नाही. पण नऊ दिवस आहेत आणि मला लागतात पंधरा मिनिटं.

१९ मे, रविवार
आज प्रयोग नाही. पदार्थाचा तात्त्विक विचार केला. दुपारी झोपलो.

२२ मे
बिस्किटांचा पुडा उघडला तर आत तीनच. आठवडाभर चहाबरोबर नमुना म्हणून खाल्ली होती. नवा पुडा आणता येईल, पण त्यातही बिस्किटंच असणार, आणि ती बाजारू. खरा कारागीर हाताशी आहे त्यातून करतो.

सुचलं! बिस्कीट म्हणजे काय? गहू, भाजलेला, कोरडा. डबाभर वाळलेल्या चपात्या कशासाठी आहेत? शिवबाईंचा जाडपणा शेवटी कामी आला. कुटल्या. रवाळ भुगा झाला, बिस्किटापेक्षा छान. हे कुठल्याही मासिकवाल्याला सुचलं नसतं.

२३ मे
कंडेन्स्ड मिल्क म्हणजे काय? गोड आणि चिकट. गूळ गोड आणि चिकट आहे. लोणी टिकत नाही, म्हणून तूप. कोको रंगापुरता होता, गुळानं रंग येतोच. मूळ कृतीतल्या चारही चुका मी अशा तऱ्हेनं दुरुस्त केल्या आहेत.

२५ मे, शनिवार. संध्याकाळ
फज तयार. गूळ किसून भुग्यात कालवला, वर तूप. जरा बसका वाटला म्हणून किसलेलं सुकं खोबरं घातलं. दाताखाली काही यावं म्हणून फुटाण्याचं डाळं. भाजलेली खसखस. वेलदोडा. हे शेवटचे सगळे जिन्नस पूर्णपणे माझ्या प्रतिभेतून आले, हात आपोआप त्या त्या डब्याकडे जात होता.

वड्या पडत नाहीत. मोकळाच राहतो. हरकत नाही, वाटीतून देता येईल. गरम हवेच्या देशांसाठी 'मोकळा फज'.

चव घेतली. उत्तम! शिवाय कुठंतरी ओळखीची वाटली. मोठ्या पदार्थांचं असंच असतं, पहिल्याच घासाला आपले वाटतात.

उद्या दहाच्या एसटीनं येतील. दाढी केली. उद्या पुन्हा करणार.

२६ मे, रविवार
सगळं क्रमानं लिहितो. मनाचा तोल जाऊ देणार नाही.

साडेअकराला मुलांसह आल्या. धाकटी येऊन पायाला मिठी मारून उभी राहिली, सोडेना. हेमावती थोडी काळवंडली आहे, पण बरी दिसते. फारच बरी दिसते. सासूबाईंना पाट दिला. शिवबाई न बोलावता आल्या. मी दोन शब्द बोललो: फजचा उगम, पाश्चात्त्य गृहजीवन, यंत्रयुग. मग वाट्या दिल्या.

सासूबाईंनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग हेमावतीकडे बघून कानडीत म्हणाल्या, मादली छलो आगेद. मादली चांगली झाली आहे.

मी समजावलं की हा फज आहे. त्या म्हणाल्या, व्हय की, मादलीच. चपाती कुटून, गूळ, खोबरं, खसखस, डाळं. आमच्यात लग्नात करतात. तुमच्या लग्नात मीच केली होती, तुमी चार वाट्या खाल्ल्या होत्या. फक्त तूप कमी पडलं बघा, अन् खसखस जरा करपली.

तीन वेळा समजावलं. मासिकाचं पान काढून दाखवलं. त्यांनी गोऱ्या बाईचं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, ही मादली करती व्हय?

हेमावती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. चार आठवडे या घरात कोणी हसलं नव्हतं. मलाही, का कोण जाणे, राग यायला जरा उशीर झाला.

मग ती म्हणाली, तुमी जिंकलात. आपल्या हातानं केलंत, मी खाल्लं, मी आले. आता बालवाडीचं तुमी म्हणाल तसं. मी घसा साफ केला. तेवढ्यात तिनं पिशवीतून माझं कार्ड काढलं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'कोणताही पुरुष कचेरीला जाण्यापूर्वी तो सहज उरकू शकतो.' खाली सही, तारीख. म्हणाली, तुमी असं म्हणालात म्हणून काल अक्कलकोटहूनच होकाराचं पत्र टाकलं. सकाळचा स्वयंपाक तुमचा.

शिवबाई म्हणाल्या, बाई गं, भावजी लई मोठ्या मनाचे. चपात्या द्यायचं आता बंद करते.

मी खुलासा करू शकलो असतो. मुद्दे तयार होते. पण धाकटी मांडीवर होती आणि वाटी चाटत होती.

३१ मे
हे तात्पुरतं आहे. बालवाडी दोन महिन्यांत बंद पडेल. अशा संस्था टिकत नाहीत. शिवाय मला स्वयंपाकाची पद्धत आतून सुधारायची आहेच. भाकरीचं वेळापत्रक तयार केलं: पीठ दोन मिनिटं, मळणं तीन, थापणं चार, भाजणं सहा. एकूण पंधरा.

७ जून
हेमावतीनं भाकरी थापायला शिकवू का विचारलं. नको म्हटलं. निरीक्षणानं येतं.

१० जून, सोमवार
साडेचारला उठलो. स्टोव्ह पेटवायला वीस मिनिटं. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच फाटली. दुसरी तव्यावर फाटली. तिसरी फाटली नाही, पण आतून ओली राहिली. चौथीचा आकार सांगता येणार नाही.

हेमावती पावणेसातला निघाली. नवं पातळ, हातात छत्री. उंबऱ्यातून वळून म्हणाली, जमतंय की. मी म्हटलं, उशीर होईल, जा.

कचेरीत दुपारी डबा उघडला. रामहरी पाण्याचा तांब्या घेऊन आला होता, त्यानं डब्यात बघितलं आणि हळूच विचारलं, वहिनी अजून आल्या न्हाईत व्हय?

म्हटलं, आल्यात.

तो या वेळी व्हय व्हय म्हणाला नाही. आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी काढून माझ्या डब्यात ठेवली आणि तांब्या घेऊन निघून गेला. खाल्ली.