शीतगृह आणि संध्याकाळची बस

ता. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शीतगृहाचं मूल्यमापन माझ्याच गळ्यात पडलं आहे. मी साहेबांना म्हटलं, योजना काकांनी आखलेली, दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, पुतणी आहेस म्हणून जास्तच कडक तपासशील, शिवाय तुझं प्रत्येक वाक्य दुसरा सहकारी पुन्हा तपासेल.

गावातली तरुण मंडळी बाहेर जायची थांबली, म्हणून विकास कार्यालय आणखी पाच गावांत असंच शीतगृह बांधायला निघालं आहे. त्याच योजनेतली शीतगृहाच्या कामगारांची ने-आण करणारी बस मात्र जादा खर्च म्हणून बंद करायचं घाटतंय. दोन्हींचा निर्णय माझ्या अहवालानंतर होईल.

आमच्या पद्धतीचं नाव भारदस्त आहे, सिद्धांताधारित मूल्यमापन. काम तसं साधं. अमुक केलं की तमुक होईल, असं आखणाऱ्याच्या मनात काय होतं ते आधी विचारायचं. मग एकेक दुवा ओढून बघायचा, धरतो की सुटतो. मुलं थांबली एवढ्यावर आमचं भागत नाही. ती शीतगृहामुळेच थांबली का, हे शोधावं लागतं. तेव्हा तुमच्या मनातली साखळी कळवा. रागावून नको, सविस्तर.

काकूंना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवावा, अहवाल वाचल्यावरसुद्धा.

तुमची पुतणी

ता. ११ फेब्रुवारी

चि. चौकशी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे नाव मी तुला उगाच ठेवलं नव्हतं. घड्याळ कसं चालतं ते बघायला तू ते उघडायचीस आणि मग ते चालायचं नाही. आता माझ्या शीतगृहावर आली आहेस!

साखळी म्हणतेस तर ऐक. शीतगृह झालं की फळं टिकतात. फळं टिकली की बागायतदार पडेल भावात विकत नाही. घरात चार पैसे आले की मुलं गाव सोडत नाहीत. पुरावा माझ्याच घरात आहे. तुझ्या दादाला, माझ्या लेकाला, शहरात नोकरी लागली, तरी तो घर सोडून गेला नाही. गाव भरलेलं राहिलं म्हणून तो राहिला, आणि गाव भरलेलं राहिलं ते माझ्या शीतगृहामुळे. लिही बिनधास्त.

बसचं काय घेऊन बसलीस? योजनेच्या मसुद्यात ती शेवटच्या ओळीत होती. गेली तर गेली. पाहणीला आलीस की जेवायला ये, तिथे तरी प्रश्न विचारू नकोस.

तुझ्यावर माया आहे, ती तपासायला माणसं पाठवू नयेस.

काका

ता. २ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जेवण फार छान झालं. आता शीतगृहाबद्दल. मी गेले तेव्हा ते छतापर्यंत खोक्यांनी भरलं होतं, बघून मला भरून आलं. मग एक खोकं उचललं तर ते एका हातात आलं. दुसरं उचललं, तेही. काका, रिकामी खोकी रचायची तर निदान चार विटा तरी टाकायच्या! पलीकडे रखवालदाराचे धुतलेले कपडे वाळत होते. थंड करणारं यंत्र कधीचं बंद आहे.

बागायतदारांना विचारलं. रसाचा कारखाना आल्यापासून फळं झाडावरूनच उचलली जातात, साठवायला उरतच नाहीत. म्हणजे पहिलाच दुवा सुटला. तरीही मुलं राहिली आहेत. घरोघर विचारलं, उत्तर एकच: बस. सकाळी ती शहरात नेते, संध्याकाळी घरी आणते. कामगारांसाठी काढली होती, तिच्यातून सगळं गाव जातंय.

दादालाही विचारलं. बस नसती तर शहरात खोली घेतली असती, असं तो म्हणाला. तुम्हाला हे कळवावं की नाही, अशी माझी घालमेल होत होती. पण तुमच्यापासून लपवून लिहिणं मला जमणार नाही.

बस काढली तर गाव रिकामं व्हायला लागेल, आणि त्या पाच गावांत नुसत्या थंड खोल्या उभ्या राहतील. बैठकीला तुम्हाला बोलावणार आहेत. तुम्ही नुसतं नाही म्हणालात, तरी माझा अहवाल बाजूला पडेल, हे मला माहीत आहे. मला भीती वाटते आहे, काका.

रागावलात तरी पत्र लिहावं, ही विनंती.

तुमची पुतणी

ता. १० मार्च

चि. पोरीस आशीर्वाद.

पत्र आल्यापासून हे वर्तमानपत्राशीच बोलतात. न करकरणाऱ्या दारांना तेल घालून झालं. ती खोकी मीच दोरीने बांधून दिली होती गं, मला वाटलं फळं भरणार आहेत.

बस योजनेत घाला, कामगार बायका पायी कशा येतील, असं मी म्हटलं होतं. हे अहवालात घालू नकोस, त्यांना एकदम दोन धक्के सोसणार नाहीत.

आज मात्र डबा मागून घेतला आणि दादाबरोबर बसने शहरात गेले. कशाला, ते विचारायची माझी टाप नाही.

तब्येत सांभाळ, जेवण वेळेवर घे.

काकू

ता. १९ मार्च

चि. चौकशी हिस अनेक आशीर्वाद.

विटांची सूचना उशिरा आली.

बसने गेलो. तुझ्यासारखंच प्रत्येकाला विचारलं, कुठे चाललात, बस नसती तर काय केलं असतं. एका परिचारिका होऊ घातलेल्या मुलीने जागा दिली आणि वर मला विचारलं, आजोबा, तुम्ही कोणत्या कार्यालयाचे? शीतगृहाचं नाव कुणी काढलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

काल बैठक झाली. शीतगृहाचे जनक म्हणून माझी ओळख करून दिली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की पोरीचा अहवाल खरा आहे, माझी साखळी पहिल्याच दुव्याला सुटली. त्या पाच गावांत काही बांधायच्या आधी तिथली मुलं का जातात ते जाऊन विचारा, आणि आमची बस चालू ठेवा. बस राहिली. शीतगृहं तूर्त थांबली. तुझे साहेब तुझ्यावर खूष दिसले, माझ्याकडे मात्र काळजीने बघत होते.

बसने गेलो त्या दिवशी परतताना दादाला स्वतः विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं, बस गेली तर मीही जाईन. मग खिडकीला टेकायचं सोडून माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. आपला थांबा आला, मी त्याला उठवलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून दोघं चालत घरी आलो. माझ्यामुळे राहिला असं मानत होतो, तेव्हा मी कधी त्याच्या शेजारी बसलोच नव्हतो.

जेवायला ये. या खेपेला हवे ते प्रश्न विचार.

तुझा काका