‘ट्राय करतो’

गुरुवार, संध्याकाळ

इगतपुरीहून माझ्या बाबांचा फोन आला, रविवारी जेवायला या म्हणाले. निखिलने नेहमीसारखं “ट्राय करतो” म्हणून फोन माझ्या हातात दिला. माझा नवरा ‘ट्राय’ म्हणाला की तो येणार नसतो, हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वेळी ते बिचारे दुपार कलेपर्यंत जेवायचे थांबले होते. सरळ नाही म्हणायला काय जातं?

चिडून डिक्शनरी उघडली. या ट्रायचा जुना अर्थ म्हणे निवडणं, चाळणं. मग काय, बाबांनीच पाठवलेल्या तांदळाचं ताट त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “निवड. ट्राय करणं म्हणजे हे.” तो मुकाट्याने खडे काढायला लागला. मला इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात सायखेड्याहून नणंदेचा फोन. “वहिनी, शनिवारी मुक्कामाला या ना.”

“ट्राय करते हं, ताई.”

“म्हंजे नाय. बरं, मग तुमच्या भाकरी टाकत नाय.”

निखिलने मान वर केली नाही. तांदळाचं ताट तेवढं माझ्याकडे सरकवलं.