तापीताईचं उत्तर

प्रिय शेरा,

खेळातलं तुझं हेच नाव मला ठाऊक आहे, म्हणून तेच लिहिते. हे लिहिणारी तुझी तापीताई नाही. तलवार घेतलेली ती बाई ज्या घरच्या फोनवर चालते, त्या घरची मी आई. फोनवर एवढं लिहायची सवय नाही, शब्द चुकले तर सांभाळून घे. सोमवारी प्रकाशा गावी तापीच्या घाटावर भेटू, असं तू लिहिलंस. आणि हेही की, मी दाढीवाला शेरा नाही, पोरगी आहे, रागावू नको. राग कशाचा गं? मला ते आधीच कळलं होतं. तू आणि माझं लेकरू खेळात अहिराणीत लिहायचात, मी खेळस, तू काय करस. शाळेच्या मराठीत करतो की करते हे उघड होतंच, 'करस'मध्ये बाई-पुरुष काही कळत नाही. पण चैत्रात तू घाईत लिहून गेलीस, "ताई, कथा शे? मी वाट दखी ऱ्हायनी." ताई कुठे आहे, वाट बघतेय म्हणे. ऱ्हायनी! हे पोरीचंच बोलणं, पुरुषाचं नव्हे. मी वाती वळत होते, हातातली वात तशीच राहिली. म्हटलं, हा शेरा तर कुणाची तरी लेक आहे.

तू पुरुष का झालीस, ते विचारत नाही. तापीच्या नावावर अनोळखी पुरुषांनी काय काय लिहून ठेवलंय ते मी वाचलं. देवाचं नाव घेऊन फोन पालथा ठेवला. माझ्या लेकरानेही ते वाचलं असणार, आणि कधी बोललं नाही. आता तुला सांगायलाच हवं. माझं लेकरू मुलगा. धीरज. खेळ सुरू करतानाच विचारतात म्हणे, बाई व्हायचं की पुरुष, आणि याने बाई घेतली. मी टोमणा मारला होता, "घरमा ताट उचलाले लाज वाटस, नि आठे खेळमा बाई व्हयना?" तर हसून म्हणतो, "आई, दिनभर त माणूसच ऱ्हास ना! नि बाईले लोके फुकट वस्तू देतस." फुकट म्हटल्यावर मी म्हटलं, मग चालू दे, माझा स्वभावच चिकट. पण पुढे वर्षभर मी बाजाराला निघाले की न सांगता पिशवी उचलून बरोबर चालायचा. वाटेत कुणी माझ्याकडे टक लावून पाहिलं की मधे येऊन उभा राहायचा. पूर्वी त्याचं लक्षही नसायचं. हे कुठून शिकला, ते तापीला आलेले निरोप वाचल्यावर मला समजलं. त्याने तुला फसवलं, असं मनात आणू नकोस. तू जेवढं लपवलंस, तेवढंच त्यानेही. तुझ्या परीक्षेच्या दिवशी केदारेश्वराला नारळ फोडायला लावलं होतं मला. कुणासाठी, विचारलं तर म्हणे, एक मित्र शे.

धीरज फाल्गुनात गेला. शहाद्याच्या रस्त्यावर अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. फोन घरीच राहिला होता. तू विचारत राहिलीस, ताई, बरी शे ना? एकदा मी लिहून टाकलं, "बरी शे." मी बाईच, म्हणून शब्द चुकीचा नव्हता, पण बरी मी नव्हते. तू खूश झालीस, आणि भेटायचं ठरवलंस. पोरी, त्याच घाटावरून आम्ही त्याच्या अस्थी तापीत सोडल्या. तिथे उभी राहून तू येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघशील, हे मला सोसवेना. नात्यागोत्यात सगळ्यांना कळवलं, सगळे येऊन रडून गेले. तू त्याला ताई म्हणालीस, तेही नातंच. गेल्याचं कळवणं घरच्यांचं काम असतं. तुला तेवढं कळवायचं राहिलं होतं.

तुझीच,
धीरजची आई अनुसया