अजून जरा दमट

मी, खाली सही करणारी, वडिलांच्या मागे त्यांचा लेथवरच्या लाकडी कातकामाचा कारखाना चालवणारी, अविवाहित, गल्लीत पाईपवाल्या बाई म्हणून ओळखली जाणारी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वेडेवाकडे आहे ते वयामुळे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून केलेले नाही. गोड बोलायला सध्या कोणी येतही नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलांच्या भाषेत होते आणि त्यात मी कुठेच नव्हते.

वारसांनी आपापले कलम वाचून कागद मिटला तरी माझी हरकत नाही. पाचवे कलम एका माणसासाठी लिहिले आहे. ते गृहस्थ माझे वारस नाहीत. त्यांनी ते वाचावे, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. नाहीतर जुने मृत्युपत्र काही वाईट नव्हते.

कलम पहिले. खालचा कारखाना आणि वरच्या दोन खोल्या माझ्या भाच्याला मिळाव्यात. गेल्या वेळी तो आला तेव्हा "मावशी, तब्येत काय म्हणते?" असे विचारता विचारता पावलांनी खोली मोजत होता. बाबा रे, मी पाहत होते. तुझे माप चुकले आहे. खिडकीकडची भिंत तिरपी आहे, टेप लावून पुन्हा मोज. घर विकलेस तरी राग नाही. रिकाम्या घरात राहणे काय असते ते मला ठाऊक आहे, ते तुझ्यावर लादणार नाही.

कलम दुसरे. बँकेत असेल नसेल ते सगळे भाचेसुनेच्या नावावर करावे, भाच्याच्या नव्हे. ती रविवारी फोन करते, "मावशी, जेवलात का?" एवढेच विचारते, आणि मी उत्तर देईपर्यंत थांबते. बाकीच्यांना विचारण्याची घाई असते.

कलम तिसरे. लेथ, पटाश्या, गिरमिटे, कानशी आणि लाकडाचे ठोकळे सुतारकामाच्या शाळेला द्यावेत. लेथचा पट्टा हवा दमट झाली की घसरतो. त्याला शिव्या देऊ नयेत, राळेची पूड लावावी. माझी सगळ्यात बारीक पटाशी कोणी डबे उघडायला वापरली, तर ती परत घ्यायला मी येईन, असे तिथल्या मास्तरांना सांगावे.

कलम चौथे, जुने हिशेब. तंबाखूच्या पाईपच्या व्यापाऱ्याला काहीही देऊ नये. माझ्या पाईपच्या खोक्यावर त्याने छापले, "आमच्या तज्ज्ञांनी घडवलेला, सदैव स्वच्छ, सदैव कोरडा." तज्ज्ञ म्हणजे मी. आयत्या बिळावर नागोबा.

समोरच्या शिंपीणबाईने माझा दिवाण चार दिवसांच्या बोलीवर पाहुण्यांसाठी नेला, तो अजून तिच्याकडेच आहे. ती या कागदाची साक्षीदार असल्यामुळे तो तिला देता येत नाही. मी तो देत नाही, फक्त परत मागत नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरे, पण मी न्हाणीत पडले तेव्हा दार फोडायला तीच धावून आली.

कलम पाचवे, पाईप.

माझे वडील पाईप ओढत. भरताना तो पाईप राजासारखा दिसे आणि अर्ध्यावर आला की गुरगुरू लागे. मग तपकिरी कडू पाणी जिभेवर येई, वडील थुंकत, आई ओरडे, आणि ते मुकाट्याने काडी घालून नळी साफ करत बसत. ते म्हणत, "पाईप म्हटला की ओला असायचाच." मला ते कधी पटले नाही. तंबाखूत ओल असते. जळताना तिची वाफ होते आणि थंड नळीत पुन्हा पाणी होते. तंबाखू भरायच्या वाटीचे लाकूड आणि तोंडाकडची नळी जिथे जोडतात तिथे फट राहिली की पाणी तिथे साचते. म्हणजे दोष सांध्याचा होता आणि सांधा करणे हे माझे काम होते.

मी स्वतः कधी पाईप ओढला नाही. धुराने मला खोकला येतो. त्यामुळे घोडे तिथेच अडले होते, की केलेला पाईप कोरडा राहतो की नाही हे सांगणार कोण?

तेव्हा मापवाले आले. ते वजनमापे तपासनीस होते. आम्ही लाकडाचा भुसा वजनावर विकत असू, म्हणून ते काटा तपासायला आले आणि केसभर खोटा आहे म्हणून मोहोर लावून बंद करून गेले. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, केस तुमच्या बाजूला असो की गिऱ्हाइकाच्या, काटा खोटा तो खोटाच." दुरुस्तीनंतर पुन्हा बघायला आले तेव्हा त्यांनी खिशातून पाईप काढला आणि तो माझ्या वडिलांच्या पाईपसारखाच गुरगुरला.

मी म्हटले, "हा आवाज बंद होईल असा पाईप करून देऊ का?"

"घेता येणार नाही. ज्यांचं दुकान तपासतो त्यांच्याकडून काही घेता येत नाही."

"घेऊ नका. इथेच बसून ओढा, कसा वाटतो ते सांगा आणि इथेच ठेवून जा."

त्यांनी आपला पाईप खिशात ठेवला. मग म्हणाले, "तपासणी म्हणून चालेल."

अशी ती तपासणी सुरू झाली आणि वर्षानुवर्षे चालली. कचेरी सुटली की ते येत, खिडकीजवळच्या बाकावर बसत, मी दिलेला पाईप सावकाश ओढत. त्यांची बायको केव्हाच वारली होती, मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी होती. मी दुसऱ्या पाईपवर कानस मारत बसे. बोलणे फार नसे. कधी ते दिवसभरात पकडलेल्या खोट्या काट्यांबद्दल सांगत, कधी मी शिंपीणबाईच्या उचापती सांगे. उठताना नळी पुसून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "अजून जरा दमट वाटतो, बाई. उद्या बघू."

ते गेले की मी टीपकागदाची बारीक गुंडाळी नळीतून ओढून बघे. सुरुवातीला ती तपकिरी, भिजलेली निघे. मी सांधा घट्ट केला, भोक वाटीच्या अगदी तळाला नेले, नळीच्या पोटात भाजक्या मातीची पातळ नळकांडी बसवली. ती ओल पिऊन घेते आणि काढून उन्हात ठेवली की पुन्हा सुकते. कागद कमी कमी भिजू लागला. एका संध्याकाळी तो घातला तसाच पांढरा आणि कोरडा बाहेर आला.

त्याच संध्याकाळी मापवाले म्हणून गेले होते, अजून जरा दमट वाटतो.

आधी मला राग आला. वाटले, यांची जीभ गेली कामातून. दुसऱ्या दिवशीही कागद कोरडा, आणि यांचे तेच वाक्य. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केसभर खोट्या काट्याला मोहोर लावणारा माणूस रोज माझ्यासमोर बसून खोटे माप देत होता, कारण माप खरे दिले तर तपासणी संपली असती. मी त्या दिवशी पायऱ्यांवर बसून रडले. आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण त्यांना रोज खोटे बोलावे लागते हे मला बघवेना. ते वाक्य बोलताना त्यांचे कान लाल होत. म्हणून मी पाईप बिघडवायला लागले. कधी सांध्यात मुद्दाम फट ठेवली, कधी भोक मोठे पाडले, कधी मातीची नळकांडी बसवायची "विसरले". मग पाईप खरोखरच दमट निघे आणि ते खरे बोलून घरी जात. चांगले काम बेताने बिघडवायला चांगल्या कामाइतकेच लक्ष लागते. हे त्यांना कधी कळले नाही. मी सांगितलेही नाही, कारण सांगितले असते तर पुढे काहीतरी बोलावे लागले असते आणि ते आम्हा दोघांनाही जमत नव्हते.

मग तो व्यापारी आला. कुठून तरी कोरड्या पाईपचे त्याच्या कानावर गेले होते. नेमका संध्याकाळी आला आणि नेमका त्या दिवशी मापवाल्यांच्या हातात न बिघडवलेला, चांगला पाईप होता. त्याने त्यांनाच विचारले, "काय हो, राहतो का कोरडा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अजून जरा दमट वाटतो."

व्यापारी हसला. "वाटलंच मला. बायकांच्या हातचं काम ते. छंद म्हणून ठीक आहे." आणि बॅग उचलायला लागला.

मी म्हटले, "कोरडा आहे. कधीचा कोरडा आहे. यांना विचारू नका, कागद घालून बघा."

त्याने कागद घातला. कागद कोरडा निघाला. मापवाले उठले. त्यांनी नळी पुसली, पाईप टेबलावर नीट ठेवला, छत्री घेतली. दारात थांबून म्हणाले, "बाई म्हणतात म्हणजे कोरडाच असणार. माझीच जीभ बोथट झाली असेल."

दुसऱ्या दिवशी मी पाईप भरून ठेवला. ते आले नाहीत. पुढे ते निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला गेल्याचे शिंपीणबाईकडून कळले.

मी बोलले ते खरे बोलले आणि आज पुन्हा कोणी माझ्या कामाला छंद म्हटले तर पुन्हा बोलेन. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. पण मापवाले, तुम्ही हे वाचत असाल म्हणून तुमच्याशीच बोलते. तुमची जीभ बोथट नव्हती. तुम्ही खोटे बोलत होतात हे मला ठाऊक होते आणि तुमचे खोटे खरे व्हावे म्हणून मी माझ्या हाताने पाईप नासवत होते. फसला कोणीच नव्हता. तुम्ही रोज यावे असे मला वाटत होते. अजूनही वाटते. एवढेच सांगायचे होते, ते त्या व्यापाऱ्यासमोर तोंडातून निघाले नाही आणि नंतर तुम्ही समोर नव्हता.

तो पाईप आता कुठल्या कुठल्या गावांत लोक ओढतात. तो गुरगुरत नाही, साफ करावा लागत नाही, बिघडत नाही, त्यामुळे कारखान्यात कोणी येतही नाही. संध्याकाळी मी खिडकीशी बसते. दिवा उशिरा लावते, कारण लावला की खोली आणखी मोठी दिसते.

कलम सहावे. माझ्या मागे कोणी भाषण करू नये. दोन शब्द बोलल्यावाचून कोणाला राहवलेच नाही, तर ते लेथबद्दल बोलावेत.

कलम सातवे, साक्षीदार. पाईपच्या आराखड्याचा सगळा हक्क मापवाल्यांना द्यायचे मी ठरवले होते. वकील म्हणाले, "बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. एक तर त्यांना द्या, नाहीतर त्यांची सही घ्या." मी सही निवडली. हक्क दिला असता तर त्याचा कागद माझ्या मागे टपालाने गेला असता. सहीसाठी माणसाला यावे लागते. हक्क भाचेसुनेला जावा.

शिंपीणबाईकडून त्यांच्या मुलीचा नंबर मिळवून मी मापवाल्यांना फोनवर निरोप दिला. ते "येतो" म्हणाले. ते येतील त्या दिवशी टेबलावर भरलेला पाईप आणि काडेपेटी ठेवीन. त्या पाईपच्या सांध्यात फट ठेवली आहे. पाचवे कलम वाचून झाल्यावर त्यांना सही करावीशी वाटली तर करतील, नाही वाटली तर मी पुन्हा कागद करीन. तेवढी वाट मला पाहता येते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर खाली सही केली.

सही: पाईपवाल्या बाई
स्थळ: कारखान्याची मागची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी

साक्षीदार पहिली: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी सगळं वाचलं. दिवाण मी परत न्यायला सांगितला होता, बाईच नको म्हणाल्या, हे लिहून ठेवते. बाकी जे वाचलं ते माझ्या पोटात राहील. लोक मला काहीही म्हणोत, यातलं एक अक्षरही मी कोणाला सांगणार नाही, शपथ आहे.
सही: समोरची शिंपीण

साक्षीदार दुसरा: सदर बाईंनी माझ्या समक्ष सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. सही करण्यापूर्वी मजकूर वाचून घ्यावा असे त्यांनी मला दोन वेळा सांगितले. परंतु साक्षीदाराने केवळ सही होताना पाहावयाची असते, मजकूर हा लिहिणाऱ्याचा खाजगी असतो. म्हणून वरची सर्व पाने मी पालथी ठेवली व त्यातील काहीही वाचलेले नाही. त्यानंतर बाईंनी लेखणी माझ्यापुढे ठेवली. टेबलावर भरलेला पाईप व काडेपेटी होती. साक्षीदाराला येथील कोणत्याही वस्तूचा लाभ घेता येत नाही, म्हणून त्यास हात लावलेला नाही.
सही: वजनमापे तपासनीस (निवृत्त)