रविवारी जेवायला न पोहोचल्याबद्दल सविस्तर खुलासा

तळवली,
मंगळवार

करंजाडे-निवासी, वधूपिता या अतिकठीण पदावर लवकरच आरूढ होणारे, परम आदरणीय भावोजी श्री. बाळारामजी यांच्या चरणांशी (डाव्या गुडघ्याला धक्का न लावता) धाकटा मेहुणा हसुराम म्हात्रे याचा लांबूनच दंडवत.

आपला गुडघा जिना चढू देतो किंवा कसे, पत्रिका वाटता वाटता ताईचा रक्तदाब कोणत्या उंचीस पोहोचला आणि चिरंजीव अमिता लग्नाच्या धांदलीत वेळेवर जेवते की नाही, हे सवडीने कळवावे. इकडे मी, सौ. दमयंती, चिरंजीव निकेश आणि आपल्या सासूबाई, म्हणजेच माझ्या मातोश्री बायजाबाई, असे चौघेही देहाने सुखरूप आहोत. 'देहाने' हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. त्याचे विवरण पुढे येईल.

रविवारी आपण ताटे मांडून, ताईने जिताडा माशाचे कालवण करून आमची प्रतीक्षा केली आणि आम्ही आलो नाही, ही वस्तुस्थिती निर्विवाद आहे. त्या दिवशी दमयंतीने दूरध्वनीवरून 'यांचं पोट बिघडलंय' असे जे कारण दिले, ते कालक्रमाच्या दृष्टीने सदोष होते. पोट बिघडले हे सत्य; परंतु ते न येण्याचे कारण नसून, ज्या कारणाने आलो नाही त्या कारणाचा तो परिणाम होता. (जिताडे उरले असल्यास त्याचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे, याची मला जाणीव आहे.)

मूळ प्रमाद साखरपुड्याच्या मांडवात घडला. दोन्हीकडील भावकी समोर बसलेली असता मी उभा राहून घोषणा केली, की भाचीला करंजाड्याहून महाप्याच्या सभागृहापर्यंत स्वतः मामा नव्या गाडीतून आणील, आणि ही गाडी इतकी सुविद्य आहे की ती आपली आपण चालते, सबब मामा वाटभर मागे वळून भाचीला संसाराविषयी उपदेश करीत राहील. टाळ्या पडल्या. (टाळ्या या प्रकाराने आजवर पुष्कळ सज्जनांचे वाटोळे केले आहे.) त्यावर आपण सर्वांदेखत एकच अट घातलीत: "हसुराम, नवरीची गारी वाजंत्रीच्या टेम्पोला चिकटून पायजे. मधी परकी गारी घुसली त मी रस्त्यान उतरंन!" मी छातीवर हात ठेवून होकार दिला. रविवारची यात्रा ही जेवणाची होती तशीच या अटीची रंगीत तालीमही होती, हे आपणांस ठाऊक नव्हते.

आता यंत्रणेविषयी. तिला ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात. मी तिचे 'अनुसरणशील वेगनियमन' असे नामकरण केले असून घरात ते कोणीही वापरत नाही. तत्त्व असे की आपण एक वेग नेमून द्यावा, पुढील वाहनापासून किती अंतर राखायचे तेही कळ दाबून सांगावे (ते पडद्यावर आडव्या पट्ट्यांनी दिसते, तीन पट्टे म्हणजे ऐसपैस, एक म्हणजे लगट) आणि पाय काढून घ्यावा. पुढे मोकळे असेल तर गाडी नेमल्या वेगाने धावते, पुढे कोणी मंदगती आला तर आपणहून मंदावते, तो दूर झाला की पुन्हा नेमला वेग गाठते. येथवर सर्व स्पष्ट आहे. संभ्रम यापुढे सुरू होतो, तो असा, की या सर्व व्यवहारात मी कोण? कर्ता म्हणावे, तर पाय रिकामे. साक्षी म्हणावे, तर हात स्टिअरिंगवर. उतारू म्हणावे, तर परवाना माझ्या नावाचा. ही शंका मी निकेशपुढे मांडली. (तो महाप्यास संगणकाच्या कंपनीत असल्याने त्याला सर्व ज्ञात असते आणि ते सर्व तो एका दमात सांगतो.) तो म्हणाला, "पप्पा, ती फक्त स्पीड बघते, रस्ता तुमी बघायचा. वळणावर, पावसात भरवसा नाय. उभी गाडी तिला दिसंलच असं पण नाय, म्हणून पाय ब्रेकजवळ पायजे. टेन्शन नाय घ्यायचं, पण झोपायचं पण नाय." या उत्तरातील अखेरच्या दोन आज्ञा मला परस्परविरोधी वाटल्याने मी संपूर्ण उत्तरच विचाराधीन ठेवले.

शुभारंभीच एक विघ्न आले होते, तेही सांगून टाकतो. पूजेच्या दिवशी मातोश्रींनी गाडीच्या अग्रभागी झेंडूचा असा घसघशीत हार घातला, की गाडीने पडद्यावर 'समोरचे दिसत नाही' अशी तक्रार नोंदवून वेगनियमनास साफ नकार दिला. निकेशने हार बाजूला केला आणि आजीला समजावले, की गाडीचा डोळा तिच्या नाकावरच्या चिन्हामागे असतो, तो झाकायचा नसतो. मातोश्रींनी गाडीचे मुखमंडल बराच वेळ न्याहाळले. "नाकान डोला?" त्या म्हणाल्या. "मंग वास कशानं घेते?" यावर सर्वज्ञ निकेश हाराची फुले सारखी करू लागला, आणि माझ्या समाधानास पारावार राहिला नाही.

असो. रविवारी मी, शेजारी दमयंती, मागे मांडीवर अमितासाठी केलेल्या तांदळाच्या तळलेल्या गोड बोरांचा डबा घेऊन मातोश्री, असे प्रस्थान ठेवले. ठाणे-बेलापूर रस्त्यास लागताच मी प्रतिष्ठेस साजेसे तीन पट्टे अंतर नेमले आणि वेगनियमन सुरू केले. भावोजी, आपल्या नवी मुंबईत दोन वाहनांमध्ये रिकामी जागा ठेवणे म्हणजे पंगतीत पाट मांडून उठून जाण्यासारखे आहे. प्रथम एक रिक्षा त्या जागेत आली. गाडीने सौजन्याने वेग कमी करून रिक्षापुढे नवे तीन पट्टे अंतर निर्माण केले, क्षमस्व, रिक्षामागे, त्यात एक दूधवाला शिरला, त्याच्यामागे पुन्हा अंतर, त्यात गॅसच्या टाक्या घेतलेला दुचाकीस्वार, त्यानंतर बस. कोपरखैरणे ते तुर्भे या टप्प्यात आम्ही पुढे जात होतो की समाजातील आमचे स्थान मागे जात होते, हे ठरवता येईना. मातोश्री प्रत्येक आगंतुकाकडे पाहत होत्या. अखेर त्या कडाडल्या, "हसुराम, कोन पन येतंय नि तुझ्या पुढं घुसतंय! तू काय धर्मशाला खोललीस? अशानं नवरीच्या पुढं सगला तुर्भ्याचा बाजार हुभा ऱ्हाईल!" दमयंतीने खिडकीबाहेर पाहत पुस्ती जोडली, "घरी पण यांचं असंच आहे, आई. सगळ्यांना आधी जाऊ देतात, आणि मग मला बोलतात उशीर झाला म्हणून."

मातृवचन अव्हेरणे शक्य नव्हते. पनवेलच्या दिशेने मोठ्या महामार्गास लागल्यावर मी तीन पट्ट्यांचा एक केला, वेग ऐंशीचा नेमला, आणि ज्याच्यामागे निश्चिंतपणे जावे असा एखादा सत्पुरुष शोधू लागलो. खारघर ओलांडताना तो लाभला. मंडपवाल्याचा टेम्पो होता. साठाच्या आसपास, सरळ रेषेत, कुणाशी स्पर्धा न करता चाललेला. त्याच्या पाठीवर लग्नातील नवरा-नवरीची दोन सोनेरी सिंहासने दोरीने बांधलेली होती, आणि त्यांची तोंडे आमच्याकडे होती. मातोश्री प्रसन्न झाल्या. "आपल्या अमितेचीच असतील," त्या म्हणाल्या. "मागंच ऱ्हा त्यांच्या." मीही राहिलो. आता मध्ये कोणी शिरत नव्हते. आपली अट पूर्ण होत होती. गाडी टेम्पोला धरून होती, मी गाडीला धरून होतो, आणि मला असे काही स्वास्थ्य लाभले, की मी उजव्या पायातील चप्पल काढली व तो पाय आखडून आसनाखाली घेतला. दमयंतीस वरमालेच्या रंगाबद्दल काही मौलिक सांगण्यासाठी मी मान किंचित वळवली.

येथून पुढील मजकूर मी दोनदा लिहून दोनदा खोडला आहे. म्हणून थोडक्यात लिहितो. कळंबोलीच्या अलीकडे टेम्पो एकाएकी उजवीकडे सरला. सिंहासने गेली. त्यांच्या जागी, आमच्याच मार्गिकेत, एक ट्रेलर उभा होता. चालत नव्हता. बंद पडून उभा. टेम्पोवाला त्याला चुकवण्यासाठीच सरला होता, हे आता समजते. गाडीला मात्र एवढेच समजले, की पुढचा सद्गृहस्थ गेला, वाट मोकळी झाली, आणि मालकाने ऐंशी सांगितले आहेत. सबब तिने आज्ञाधारकपणे वेग घेतला. मी पाय पुढे टाकला. पायाखाली ब्रेक आला नाही, चप्पल आली. दमयंतीने "अहो!" एवढाच शब्द उच्चारला, लग्नाला तीस वर्षे होत आली, पण इतका अर्थपूर्ण 'अहो' मी ऐकला नव्हता. चप्पल उडवली, ब्रेक सापडला, दाबला. त्याच क्षणी गाडीनेही भोंगे वाजवून काही केले असावे. थांबलो. ट्रेलरच्या पाठीवर 'सुरक्षित अंतर ठेवा' असे लिहिलेले होते. ते वाचण्यासाठी मला चष्मा लागला नाही.

गाडी मी थांबवली की गाडीने, हा वाद आमच्या घरी अद्याप मिटलेला नाही. निकेश म्हणतो, "कोनी पण थांबवली असंल पप्पा, पुढच्या टायमाला तुमी थांबवा." परंतु मला आठवते ते निराळेच. मी आरशातून मागे पाहिले. डबा उपडा झाला होता, बोरे सर्वत्र घरंगळली होती, आणि मातोश्रींनी दोन्ही हातांनी माझ्या आसनाची पाठ घट्ट धरली होती. लग्नाच्या दिवशी त्या जागी अमिता बसायची आहे. मागे हात लांबवून मी त्यांचा हात धरला, तो गार होता, किंवा माझा असेल. याही बाबतीत निश्चित सांगता येत नाही. मग त्या म्हणाल्या, "मी रिक्षान जाते." त्यांना रिक्षात बसवले, सोबतीला दमयंती गेली, आणि तळवलीपर्यंत मी त्या रिक्षामागून एकटा, यंत्रणा बंद करून, चप्पल घालून, पाय ब्रेकजवळ ठेवून, अंतर राखून गाडी आणली. मध्ये सबंध नवी मुंबई शिरली. शिरू दिली.

या सर्व प्रकरणाचा निष्कर्ष आपण विपरीत काढू नये, म्हणून हा खुलासा. किरकोळ तांत्रिक अनुभव गाठीस आला, इतकेच. माझ्या निश्चयास तिळमात्र तडा गेलेला नाही. दिलेला शब्द म्हणजे शब्द. अमिताची गाडी मामाच चालवील, दुसरा कोणी नाही, याविषयी आपण पूर्णतः निःशंक असावे व तसे भावकीत सर्वांस सांगावे.

ताईस नमस्कार, अमितास अनेक आशीर्वाद, आणि आपल्या गुडघ्यास दीर्घायुष्य चिंतून लेखणी खाली ठेवतो.

आपला,
वचनबद्ध
हसुराम

ता. क. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे हिराजीकाका व भावकीतील दोन-चार वडीलधारी मंडळी चहाला येणार आहेत. त्या वेळी आपण मला फोन करावा. मी तो सर्वांना ऐकू येईल असा ठेवीन. आपण दरडावून म्हणावे, की करंजाड्याच्या रिवाजाप्रमाणे नवरीच्या मामाने गाडी चालवायची नसते, त्याने नवरीशेजारी मागे बसायचे असते, आणि चालवायला निकेश. असा रिवाज करंजाड्यात नाही, हे मी जाणतो. निम्म्या करंजाड्याचा जन्मच अलीकडचा आहे. मी दोनदा बाणेदारपणे नकार देईन. आपण बधू नये. तिसऱ्यांदा मी मोठ्या दुःखाने मान्य करीन. आणि वाजंत्रीच्या टेम्पोला चिकटण्याची ती अट, भावोजी, कृपा करून मागे घ्यावी. मध्ये चार रिक्षा शिरल्या तर शिरू देत. त्याही वऱ्हाडातल्याच समजू.

ता. क. (दुसरा). वरील पत्र पाकिटात घालण्यापूर्वी दमयंतीने वाचले. तिच्याकडून असे समजते, की मातोश्रींनी रविवारी संध्याकाळीच ताईस फोन करून सर्व सांगितले, गाडी निकेशने चालवायची, हे सोमवारी सकाळीच आपण उभयतांनी ठरवले, निकेशने रजाही टाकली, आणि कालपासून करंजाड्यात एकाच गोष्टीचा खल चालू आहे, की "आता हसुरामला सांगायचं कोनी?" तरी ती चिंता आता आपण सोडावी. मात्र शुक्रवारचा फोन चुकवू नये, आणि रिवाजाचा आग्रह मनापासून धरावा. दोन्ही नकार मी आरशासमोर उभा राहून तयार केले आहेत, आणि दुसरा विशेष चांगला झाला आहे.