वाऱ्याचं औषध

४ नोव्हेंबर, मंगळवार

यांना वारं गेलं. सकाळी दहाला खळ्यावर भात झोडत होते, हातातनं पेंढी सुटली. मी म्हटलं, लक्ष कुठं हाय तुमचं? वळले तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबतोय, बोलायला गेले तर तोंडात घास असल्यासारखं. शेजारची सोनुबाई नि तिचा नवरा विठू मदतीला होते. विठूने पाठीवर घालून घरी आणलं.

हर्षलाला फोन केला. पोरगी कुंभिवलीला कंपनीत असते. म्हणाली, "आई, आत्ताच्या आत्ता रिक्षा कर, कर्जतला ने." म्हटलं, मला शिकवू नको. माझ्या बापाचं तोंड असंच वाकडं झालेलं. अंबूबाईच्या पाल्याच्या रसाने महिन्यात सरळ झालं, मी डोळ्यांनी बघितलंय. दवाखान्यात सुई टोचली की वारं अंगात बसतं — पोशीरमध्ये कोणालाही विचार. तिने फोन आपटला.

अंबूबाई औषध बुधवारी नि रविवारी देते, सकाळी उपाशीपोटी. उद्या बुधवारच. नशीब म्हणायचं.

खिडकीत गोणपाट कोंबलं, दाराला घोंगडी लावली. वाऱ्याची झुळूक लागता कामा नये. हे डाव्या हाताने घोंगडीकडे दाखवतात सारखे. पाणी पाजलं तर ठसका लागला, नाकातून आलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

औषध पाजलं. अर्धं बाहेर आलं. आता पायपण उचलत नाहीत. अंबूबाई म्हणाली, "वारं उतरताना आधी खाली जातं गं. धीर धर."

दुपारी हर्षला आली रजा टाकून. घोंगडी ओढून अंगणात फेकली, गावातल्या जितेशची रिक्षा बोलावली. कर्जतच्या डॉक्टरने बघितलं नि लगेच पनवेलला धाडलं.

७ नोव्हेंबर

पनवेल. परवा डॉक्टरीणबाईने विचारलं, "नेमकं किती वाजता झालं?" सांगितलं, मंगळवारी दहाला. तिने घड्याळ बघितलं. पेन खाली ठेवलं. "मावशी, मेंदूची नस गुठळीने बंद झालीय. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण साडेचार तासांच्या आत. तुम्ही एकतीस तासांनी आलात."

मी बापाचं सांगितलं. तिने विचारलं, त्यांचा हात पडला होता? बोलणं गेलं होतं? नव्हतं. एक डोळा मिटत नव्हता, कपाळाला एका बाजूने आठी पडत नव्हती, एवढंच. म्हणाली, "ती चेहऱ्याची नस असणार. ती बहुतेकांची आपोआप बरी होते, औषध द्या नायतर नका देऊ. पण ते घरी बसून ठरवायचं नसतं. तोंड वाकडं, हात ढिला, बोलणं अडखळतं — यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही."

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

मंगळवारी दिवसभर जितेशची रिक्षा देवळाजवळ उभी होती. मी बघितली होती.

८ नोव्हेंबर

तसंच.

१६ नोव्हेंबर

घरी आणलं. टेकून बसवलं की बसतात. शब्द नाही. खळ्यावरचं उरलेलं भात सोनुबाई-विठूने झोडून कणगीत भरून ठेवलंय. विठू म्हणाला, "वैनी, ते सोडा, तुमी दादाकडं बघा."

१९ नोव्हेंबर

गाव बघायला येतं. आज चार बायका होत्या. सोनुबाईने विचारलं, "औषधाने काय गुण आला का गं?"

मी म्हटलं, "आला की. नायतर एवढंबी राह्यलं नसतं."

काय सांगू? चार जणींत सांगू, की पोरगी रिक्षा कर म्हणत होती आणि मी माझा माणूस दिवसभर कोंडून ठेवला? कोणाचं ऐकलं नाही कधी, सगळ्या गावाला माहीत आहे. तोंड कुठं दाखवू?

बायका गेल्यावर हर्षला म्हणाली, "आई, खरं सांग त्यांना."

"तू सांग. तुला लई हौस."

"मी नाय सांगणार. तू बोललीस, तूच सांगायचं."

२५ नोव्हेंबर

दोन पावलं चालले, हर्षलाला धरून. व्यायाम शिकवणारा येतो त्याने चालवलं. अंबूबाई लोकांना आमचं नाव सांगते म्हणे — जा, पोशीरला बघून या. जाऊन दोन शब्द सुनवावे वाटलं. पाय निघाला नाही. तिने मला ओढून नेलं नव्हतं.

२ डिसेंबर

माझ्या हातची पेज खात नाहीत. तोंड फिरवतात. हर्षलाने भरवली की खातात. आज वाटी ठेवली नि म्हटलं, शिव्या तरी द्या मला. सत्तावीस वर्षं मीच बोलले, तुमी ऐकलं. आता तुमी बोला. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. पुसायला गेले तर डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला.

डॉक्टरीणबाई म्हणते, बोलणं थोडं परत येईल, सगळं नाही. काय परत येईल नि काय नाही, ते कोणी सांगत नाही.

६ डिसेंबर

सोनुबाईला उद्या सांगेन.

७ डिसेंबर

माणसं होती तिच्याकडे. राहिलं.

११ डिसेंबर, गुरुवार

मंगळवार-बुधवार आम्ही पनवेलला होतो, तपासणीला. मंगळवारी दुपारी विठूला वारं गेलं. सोनुबाईने घरीच ठेवला, बुधवारी अंबूबाईकडे नेला. आज सकाळी गेला.

गळ्यात पडून रडली. म्हणते, "तुझ्या माणसाला लागू पडलं गं. माझंच काय तरी चुकलं." मी तिची पाठ चोळत बसले.